एकहाती की दोनहाती

आमच्या रक्तकेंद्रासाठी प्लेटलेट्स काढायचं यंत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा ट्रस्टनं तिघांची निवड समिती नेमली. एक हळदीचा अडत्या, एक हळदीचा खरेदीदार आणि तिसरा म्हणजे ज्याच्या गोदामात या दोघांची हळद पडून असते तो. रक्ताशी या तिघांचा संबंध एवढाच, की ते त्यांच्या अंगातून वाहत होतं. मी, डॉक्टर प्रतिक्षा खिल्लारे, या केंद्राची वैद्यकीय अधिकारी. मी समितीत नव्हते. मला ‘माहिती द्यायला’ बोलावलं होतं. हिंगोलीत शिकलेल्यानं माहिती द्यायची आणि न शिकलेल्यानं निर्णय घ्यायचा, ही वाटणी इतकी मुरलेली आहे की तिची कुणाला लाजही वाटत नाही.

समितीचे अध्यक्ष रामप्रसाद शेठ, म्हणजे तो अडत्या. पांढरं शुभ्र धोतर, पिवळी बोटं आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं. दुष्ट माणसाला निदान आपण काय करतोय ते कळत असतं.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. दात्याच्या हातातून रक्त आत येतं, यंत्र ते गरगर फिरवतं, त्यातल्या प्लेटलेट्स तेवढ्या पिशवीत बाजूला काढतं आणि उरलेलं रक्त दात्याला परत देतं. दोन कंपन्यांची यंत्रं दारात उभी होती. पहिल्याला एकाच हातात सुई टोचायची. रक्त ओढायचं, मग त्याच सुईतून परत सोडायचं, पुन्हा ओढायचं. दुसऱ्याला दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त येत राहतं, दुसऱ्यात परत जात राहतं. शेठनं पहिल्या बैठकीतच त्यांची बारशी उरकली: एकहाती आणि दोनहाती.

किमतीत म्हणाल तर उन्नीस-बीस. खरा फरक एकच होता. एकहातीत एका वेळी दात्याचं बरंच रक्त शरीराबाहेर असतं. धष्टपुष्ट माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण किडकिडीत माणसाला गरगरतं, घाम फुटतो, यंत्र मध्येच थांबवावं लागतं. दोनहातीत थोडंच रक्त बाहेर असतं. आता आमच्याकडे रक्त द्यायला येतं कोण? धष्टपुष्ट लोक येतात ते फोटोपुरते. खरे दाते सगळे काटक्याच. म्हणून दोनहाती घ्या. पाचवीतल्या पोराला कळावी अशी ही गोष्ट मी समितीला तीन वेळा सांगितली. तिन्ही वेळा त्यांनी माना डोलावल्या आणि समोसे संपवले.

मला ते यंत्र जिच्यासाठी हवं होतं, तिचं नाव राणी. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची, विशीतली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. तिच्या हाडांतला मगज नीट रक्त तयार करेनासा झाला होता. गोळ्या चालू होत्या, त्या लागू पडेपर्यंत तिला तगवायचं होतं ते दर थोड्या दिवसांनी प्लेटलेट्स चढवून. नाही चढवल्या तर नाकातून, हिरड्यांतून रक्त सुरू व्हायचं, आणि ते कधी डोक्यात होईल याचा नेम नाही. अशी बायको मेंढरं राखणाऱ्या घरातून एरवी परस्पर माहेरी पोचती होते. परमेश्वरनं, तिच्या नवऱ्यानं, ते केलं नाही. गट जुळत होता, तोच तिला प्लेटलेट्स द्यायचा. पण त्यासाठी दर वेळी नांदेड. साखऱ्याहून सेनगावला जीप, तिथून हिंगोली, तिथून नांदेड. दुखणाईत बायको, म्हातारी आई, आणि मागं मेंढरं कुणाच्या तरी गळ्यात घातलेली. एकदा रस्त्यातच राणीची शुद्ध गेली होती.

यंत्र हिंगोलीत आलं तर हे सगळं वाचणार होतं. पण परमेश्वर म्हणजे लागतं त्यापेक्षा जेमतेम वर वजन भरलेला गडी. एकहातीवर तो आडवा झाला असता तर उठला नसता. म्हणजे एकहाती घेतलं काय आणि भिंतीवर चित्र टांगलं काय, राणीच्या दृष्टीनं सारखंच.

समितीनं ठरवलं, की दोन्ही यंत्रं चालवून बघायची. चला, हे तरी शहाणपणाचं, असं मला वाटलं. माझी चूक.

एकहातीवर शेठचा पुतण्या रविंद्र झोपला. रविंद्रचं शरीर हीच त्याची आजवरची कमाई. दोनहातीवर झोपायला गावातला एकही मर्द मिळेना. दोन्ही हात बांधलेले राहणार म्हटल्यावर एकेकाची आई आजारी पडली. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. तासभर मोबाइल धरता येणार नाही, तंबाखू मळता येणार नाही, एवढी तपश्चर्या या शहरात कोण करणार? शेवटी मी परमेश्वरला बोलावलं. तो आला, दोन्ही हात पसरून झोपला, आणि कुणीतरी मेंढरांचं विचारेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही.

रविंद्र मोकळ्या हातानं स्वतःचे फोटो काढत होता. शेठ कौतुकानं म्हणाले, “बघा, हे एकहातीचं सुख. उद्या कोणी मोठा माणूस आला, दात्याशी हात मिळवायचा म्हणला, तर दोनहातीत काय करता? पाय मिळवता?” खरेदीदार आणि गोदामवाले पोट धरून हसले. यंत्रांची तुलना अशी चालली होती.

दोन्ही पिशव्या भरल्या. परमेश्वरची पिशवी फिकट, पारदर्शक, भाताच्या पेजेवरच्या पाण्याला किंचित पिवळी झाक यावी तशी. उत्तम पिशवी. उजेडासमोर धरून हळूच हलवली, की आत रेशमासारखी लहर फिरताना दिसते. ती दिसली म्हणजे पेशी जिवंत आणि चांगल्या. रविंद्रची पिशवी मात्र दाट, गढूळ, पिवळीजर्द. कारण साधं होतं. यायच्या आधी त्यानं पुऱ्या, भजी आणि वर जिलेबी हाणली होती. तेलकट खाऊ नको म्हणून मी बजावलं होतं, पण रविंद्रला कुणी काही बजावू शकतं हीच माझी भाबडी समजूत. खाल्लेलं तूपतेल रक्तात उतरलं, रक्तातून पिशवीत. असली पिशवी रुग्णाला लावत नाहीत, टाकून देतात.

शेठनं दोन्ही पिशव्या हातात घेतल्या, खिडकीशी गेले, एक डोळा मिटून बघितलं. मार्केट यार्डात लिलावाच्या वेळी हळकुंड बघतात तसं. मग खरेदीदारानं बघितलं. मग गोदामवाल्यानं. तिघांची नजरानजर झाली.

“माल हा,” शेठनं रविंद्रची पिशवी वर केली. “काय रंग हाय! काय भरीव हाय! अन् हे,” दुसरी पिशवी दोन बोटांत धरून, “हे पातळ. पाणीच हाय नुसतं.”

“शेठजी, रंग यंत्राचा नाही, दात्यानं खाल्लेल्या तेलाचा आहे. दाट पिशवी खराब असते. ही पातळ आहे ना, हीच चांगली.”

“डॉक्टरीणबाई, तुमी शिकल्यासवरल्या, कबूल. पण पिवळ्या मालात आमची हयात गेली. पातळ, फिक्का माल चांगला, असं आमाला आजवर कोणी सांगितलं न्हाई.”

मी लहर दाखवली. खरेदीदार म्हणाला, “पाणी हलवलं तर हलणारच की.” भिंतीला बोलावं तर निदान ती मधेच समोसा मागत नाही.

“मग ही पातळ पिशवी मी वापरू का?” मी विचारलं.

“द्या ना त्या मेंढरंवाल्याच्याच बायकोला,” शेठ उदारपणे म्हणाले. “तिला चालंल.”

तर अशी, तुच्छतेपोटी, जिल्ह्यातली त्या दिवसाची सगळ्यात चांगली पिशवी राणीला मिळाली. ट्रस्टचाच दवाखाना भिंतीला लागून आहे. तिथं ती तिला चढवली आणि दुसऱ्या दिवशी तिच्या हिरड्यांतलं रक्त थांबलं. रविंद्रची पिशवी मी नियमाप्रमाणे टाकून दिली. शेठना ते कळलं तेव्हा त्यांना खरोखर वाईट वाटलं. “असला माल फेकला?” ते परत परत विचारत राहिले.

पण व्यापारी एका पोत्यावर सौदा करत नाही, ही त्या जातीच्या माणसांतली एकमेव चांगली सवय. मी तोच धागा पकडला. “शेठजी, एका नमुन्यावर ठरवायचं का? अजून एकदा नमुना काढू.” शेठना हे पटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा चाचणी ठरली.

त्या आठवडाभर मी फणफणत होते. या लोकांना समजावण्यात अर्थ नव्हता, हे मला कळलं होतं. मग समजावायचंच कशाला? यांना पिवळा, दाट माल हवा ना? तर मी दोनहातीतून पिवळा, दाट माल काढून दाखवणार होते. तूप तर बाजारात मिळतं. माझी युक्ती मला इतकी आवडली की मी एकटीच हसले. गाढवाला गाजर दाखवून घरी आणायचं, त्यात गाढवाची संमती कशाला?

चाचणीच्या सकाळी मी आधी रविंद्रला फोन केला. “रविंद्रभाऊ, आज पेपरवाले येणार आहेत. फोटोत चेहरा तुकतुकीत दिसायचा असेल तर नुसती ज्वारीची भाकरी आणि वरण खा.” त्यानं हे शब्दशः पाळलं. डॉक्टरचा सल्ला न ऐकणारा माणूस चेहऱ्यासाठी काहीही करतो.

मग मी परमेश्वरला स्टँडजवळच्या खानावळीत घेऊन गेले आणि त्याच्यापुढं पुऱ्या, तुपातला शिरा आणि बासुंदी मांडायला लावली. तो ताटाकडं बघत राहिला.

“म्याडम, मागच्या बारीला तर तुमी म्हणलात, तेलकट खाऊ नको. आज काहून?”

मी त्याला खरं ते सांगितलं. शेठला दाट पिशवी आवडते, म्हणून आज दाट पिशवी काढायची. यंत्र आलं की तुझी नांदेडची वारंवारची खेप संपली.

“मंग ते राणीला चालंल?”

“नाही, आजची पिशवी नुसती दाखवायला. राणी बरी आहे ना आता?”

“काल निघालो तवा बरी व्हती.” त्यानं एक पुरी उचलली, परत ठेवली. “मह्या हातातून निघालेलं फेकायचंच, म्हणता?”

“एकदाच. नंतर मग जन्मभराची सोय.”

त्यानं खाल्लं. चव न घेता, औषध घ्यावं तसं, सगळं संपवलं. माझ्या शब्दावर त्या माणसाचा फार विश्वास होता.

रक्तकेंद्राच्या दाराला लाल रिबीन लावलेली होती. यंत्र अजून ठरलेलं नाही, घेतलेलं नाही, आणि रिबीन! मी विचारलं तर गोदामवाले म्हणाले, पेपरवाले येणार म्हणून. शेठनं मोठ्या कात्रीनं ती कापली, टाळ्या झाल्या, कात्री टेबलावर आली. दोघांच्या तपासण्या आदल्या दिवशीच झाल्या होत्या. रविंद्र एकहातीवर, परमेश्वर दोनहातीवर. माझी तंत्रज्ञ सृष्टी दोन्हीकडं लक्ष ठेवून. हळूहळू पिशव्या भरू लागल्या, आणि परमेश्वरची पिशवी भरता भरता अशी पिवळीधमक, अशी दाट होत गेली की मला हसू आवरेना. रविंद्रची मात्र स्वच्छ, फिकट, पारदर्शक. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माणसाच्या अंगातून काहीतरी उपयोगी निघत होतं.

दोन्ही यंत्रं थांबली, सुया निघाल्या, आणि तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला. साखऱ्याची राणी आली आहे, रक्त थांबत नाही.

मी धावत गेले. राणी खाटेवर बसलेली, मान पुढं, नाकाशी फडकं, आणि ते फडकं भिजून तिच्या मांडीवर ठिबकत होतं. पदरावर, हातावर, सगळीकडं. डोळ्यांच्या पांढऱ्या भागातही रक्त उतरलेलं. तिची सासू केशरबाई तिची पाठ धरून उभी होती. रात्रीपासून सुरू होतं म्हणे; सकाळी जीप भरेपर्यंत जीपवाला हलला नाही.

“बाई, परमेश्वर तर इथंच आला ना? त्याचं लावा की लवकर,” केशरबाई म्हणाली.

“लावते. पिशवी तयार आहे,” मी म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. साठ्यात एकही पिशवी नव्हती, परमेश्वरची निकामी होती, पण रविंद्रची होती ना. गट राणीचाच. स्वच्छ, फिकट, सुंदर पिशवी, शेठच्या लेखी पातळ माल. मागच्यासारखीच मागून घ्यायची, की झालं. मी राणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि परत धावले. त्या तेवढ्या अंतरात मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटून गेलं. यंत्रही आपलंच येणार आणि पिशवीही आपल्यालाच मिळणार.

आत आले तर शेठ टेबलाशी उभे होते. समोर स्टीलची ताटली. ताटलीत फिकट पिवळं पाणी पसरलेलं, बाजूला कात्री, आणि कापलेली रिकामी पिशवी. शेठ दोन बोटांत ते पाणी चोळून बघत होते. मग त्यांनी बोटं नाकाशी नेली. मग खरेदीदारापुढं धरली.

हळकुंड नुसतं वरून बघत नाहीत. मोडून बघतात, आतला रंग बघतात, बोटात चोळतात. तसंच केलं होतं त्यांनी. नमुना फोडून बघितला.

“बघा बाई,” शेठ खुशीत म्हणाले, “तुमचंच खरं निघालं. एकहातीचा आजचा माल काहीच न्हाई. चोळला तर चिकटत बी न्हाई. दोनहातीचा बघा कसला निघाला! आपलं ठरलं. दोनहाती.”

सृष्टी कोपऱ्यात रडवेली उभी होती. “मी नको नको म्हणत होते, मॅडम. त्यांनी ऐकलंच नाही.”

“तुम्ही पिशवी कापली?” मी विचारलं.

“मंग? बिना फोडता माल कसा कळंल?”

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अक्कल, लायकी, हळद, त्यांच्या बापजाद्यांचा यार्ड, सगळं काढलं. ती पिशवी उघडल्यावर वाया जाते, ती बाजूच्या खोलीत एका बाईचा जीव होती, हे ओरडून सांगितलं. पेपरवाल्यानं फोटो काढायचं थांबवलं. शेठचा चेहरा उतरला. त्यांना खरंच कळलं नव्हतं. पण उतरलेला चेहरा त्यांनी लगेच सावरला, कारण त्यांच्याकडं तोडगा होता. त्यांनी दुसरी पिशवी, ती दाट, पिवळीधमक, दोन्ही हातांत धरून मानानं माझ्यापुढं केली.

“तिला हे लावा की. पातळ काहून लावता? नंबर एकचा माल हाय. तिच्या नवऱ्याचाच हाय. आमी कुठं न्हाई म्हणतो?”

सगळे माझ्याकडं बघत होते. परमेश्वर खुर्चीत बसलेला, दोन्ही कोपरांना पट्ट्या, तोही बघत होता. त्याचं ते बघणं मला शेठच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

“ही लावता येत नाही,” मी म्हणाले.

“काहून?”

“ही खराब आहे. मी त्याला सकाळी तुपाचं खाऊ घातलं. मुद्दाम. तुम्हाला दाट पिशवी आवडते म्हणून.”

खरेदीदार फिसकन हसला. “म्हंजे बाईनं मालाला पॉलिश मारलं!” हळदीला चकाकी यावी म्हणून पॉलिश मारतात, रंग चढवतात. यार्डात ते रोजचं आहे. शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी पिशवी हळूच टेबलावर ठेवली. “बाई, मंग ते मागच्या टायमाला तुमी म्हणत व्हत्या ते खरंच व्हतं की काय?” इतका भाबडा प्रश्न, की मला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दर दात्यामागं सुया, नळ्या आणि पिशवीचं नवं किट लागतं, आणि दुसरं किट नव्हतं. कंपन्यांनी प्रत्येकी एकच आणलं होतं. मी स्वतः झोपायला तयार होते, रविंद्रही, पण झोपून करायचं काय?

रुग्णवाहिकेतून नांदेड. सासू, नवरा, मी. शेठनं गाडीत स्वतः ऑक्सिजनचा सिलिंडर चढवायला हात लावला आणि धोतर काळं करून घेतलं. औंढ्याच्या पुढं राणीला उलटी झाली, ती सगळी रक्ताची. परमेश्वरनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी शिरा शोधत होते, दाब बघत होते, मनातल्या मनात त्या तिघा हळदवाल्यांना शिव्या घालत होते. वाटेत तेच करायला उरलं होतं. नांदेडला फोन करून पिशवी तयार ठेवायला सांगितली होती. ती दवाखान्याच्या दारातच मिळाली.

संध्याकाळी राणीचं नाक थांबलं. दुसरी पिशवी चढत होती. ती उशीला टेकून पडली होती, ओठ फुटलेले, पण डोळे उघडे. डॉक्टर म्हणाले, डोक्यात काही झालेलं नाही, वाचली. केशरबाई जिन्यात बसून रडून आली होती. तेवढ्यात शेठचा फोन आला.

“बाई, पोरगी कशी हाय? वाचली? देवानं ऐकलं. बराबर ऐका आता, दोनहातीचं पक्कं करून टाकलं. तुमी म्हणता तेच. आमाला त्यातलं काय कळतं?”

मी फोन ठेवला. दिवसभरात पहिल्यांदाच मला बरं वाटलं. मला हवं होतं तेच झालं होतं. मी खाटेजवळ गेले आणि राणीला सांगितलं, “यंत्र येतंय गं. दोनहाती. आता नांदेडला यायचं काम नाही, परमेश्वर हिंगोलीतच देत जाईल.”

राणीनं नवऱ्याकडं बघितलं. त्याच्या दोन्ही कोपरांवर सकाळच्या पट्ट्या तशाच होत्या.

“ह्यानं आज दिलं व्हतं ना?” ती हळू म्हणाली. जीभ सुजली होती, शब्द ओढून येत होते. “मंग मला त्याचं काहून न्हाई लावलं?”

परमेश्वर खाली बघत राहिला. म्हणजे मलाच सांगायचं होतं. मी सांगितलं. शेठची कात्री आधी सांगितली, पुरेपूर, ताटलीसकट. ते बोटात चोळणं, नाकाशी नेणं, सगळं. मग तूपही सांगितलं, थोडक्यात. आणि शेवटी म्हणाले, “असल्या अडाण्यांशी गाठ आहे बघ आमची.”

राणी माझ्याकडं बघत होती. मी सकाळी त्या तिघांकडं बघितलं होतं, तशीच.

“शेठला ठाऊक न्हवतं, म्याडम,” ती म्हणाली. “त्यानं फोडलं तवा त्याला ठाऊक न्हवतं. तुमाला तर सकाळीच ठाऊक व्हतं.”

तिनं तोंड नवऱ्याकडं फिरवलं आणि त्याला म्हणाली, “मेंढरं कोणापाशी ठुलीस?” तो सांगू लागला. मी तिथंच उभी राहिले. मला तिथून जायला कुणी सांगितलं नाही आणि थांबायलाही.